बातम्यांच्या धामधुमींत लोक काय शोधतात ?

सर्व आठवडे सारखे नसतात. कांहीं आठवड्यांत पहिलें पान कशानें भरावें असा संपादकांस प्रश्न पडत असेल. आणि कांहीं आठवडे असे येतात कीं, सकाळीं छापलेली बातमी चहा निवण्यापूर्वींच शिळी होते. अशा आठवड्यांत मनुष्य काय करितो ? मोबाईल हातीं घेऊन गूगलच्या चौकटींत दोन-तीन शब्द लिहितो. ते शब्द कोणते, ते लिहिण्याची पाळी त्याजवर कां येते, आणि अशा कोट्यवधि शब्दांच्या बेरजेवरून समाजाच्या मनाविषयीं काय म्हणतां येईल व काय म्हणतां येणार नाहीं, याचा थोडासा विचार आम्ही येथें करणार आहों.

उदाहरण दूरचें घ्यावयास नको. २०१९ सालीं २४ ऑक्टोबर रोजीं आपल्या विधानसभा निवडणुकीचे निकाल लागले. २८८ जागांपैकीं भारतीय जनता पक्षास १०५, शिवसेनेस ५६, राष्ट्रवादी काँग्रेसला ५४ व काँग्रेसला ४४ मिळाल्या. बहुमतास १४५ लागतात. युति मोडली, कोणाचेंच सरकार बनेना, आणि १२ नोव्हेंबर रोजीं राज्यांत राष्ट्रपति राजवट लागू झाली. २२ तारखेस तीन पक्षांचें श्री. उद्धव ठाकरे यांच्या नांवावर एकमत झाल्याची वार्ता आली, आणि दुसऱ्या दिवशींच्या पत्रांत ती ठळक अक्षरांत छापून निघाली. परंतु शनिवार, ता. २३ रोजीं पहांटे ५ वाजून ४७ मिनिटांनीं राष्ट्रपति राजवट उठली, आणि आठाच्या सुमारास राजभवनांत श्री. देवेंद्र फडणवीस यांनीं मुख्यमंत्रिपदाची व त्या वेळचे बारामतीचे आमदार श्री. अजित पवार यांनीं उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली ! सुपे हें बारामती तालुक्यांतलें गांव. म्हणजे बातमी आपल्याच आमदाराची, आणि दारांत पडलेलें वर्तमानपत्र सांगत आहे भलतेंच, अशी सुपेकरांची त्या सकाळीं स्थिति झाली. कोणाचें बरोबर व कोणाचें चूक हा या लेखाचा विषय नव्हे. त्या आठवड्यांत जे शब्द सर्वांच्या तोंडीं आले, पण ज्यांचा अर्थ फार थोड्यांस ठाऊक होता, त्यांच्याकडे आम्हांस पाहावयाचें आहे.

पहिला शब्द ‘नियम १२’. राष्ट्रपति राजवट उठविण्यास मंत्रिमंडळाची शिफारस लागते. मग रात्रींत मंत्रिमंडळाची बैठक केव्हां झाली ? ती झालीच नव्हती. भारत सरकारच्या कामकाजाविषयीं १९६१ सालचे नियम आहेत. त्यांतील बारावा नियम असा कीं, जरूर पडेल तेव्हां पंतप्रधान इतर नियमांस अपवाद करूं शकतात, आणि मंत्रिमंडळाची संमति मागाहून घेतां येते. ज्या नियमाचें नांवही शुक्रवारीं कोणास ठाऊक नव्हतें, तो शनिवारीं दुपारीं चावडीवर चर्चिला जात होता.

दुसरा शब्द ‘फ्लोअर टेस्ट’. आमच्या एका विद्यार्थ्यानें याचें भाषांतर ‘फरशीची परीक्षा’ असें केलें, आणि वर्गांत हशा पिकला. पण विचार केला तर तो अगदींच चुकला होता असें नाहीं. सभागृहाच्या फरशीवर, म्हणजे सभासद जेथें प्रत्यक्ष बसतात तेथें, सरकारच्या पाठीशीं किती माणसें आहेत हें मोजावयाचें. राज्यपालांच्या दिवाणखान्यांत नव्हे. हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालीं बोम्मई खटल्यांत स्पष्ट सांगितलें. मराठींत यास ‘बहुमत चाचणी’ म्हणतात. रविवारीं, ता. २४ रोजीं न्यायालय मुद्दाम भरलें, आणि ता. २६ रोजीं, म्हणजे नेमक्या संविधान दिनीं, त्यानें आज्ञा केली कीं, दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पांचपर्यंत चाचणी व्हावी, मतदान गुप्त नसावें, आणि सर्व कामकाज लोकांस थेट दाखवावें. चाचणी ‘प्रो-टेम’ अध्यक्षांच्या देखरेखीखालीं व्हावयाची होती. हा लॅटिन शब्द. अर्थ ‘तेवढ्या काळापुरता’. आपल्याकडे ‘हंगामी अध्यक्ष’ हा सोपा शब्द रूढ आहे. लोकांनीं हे सर्व अर्थ शोधून काढले, आणि त्याच दिवशीं दुपारीं प्रथम उपमुख्यमंत्र्यांनीं व मग मुख्यमंत्र्यांनीं राजीनामा दिला ! ती चाचणी झालीच नाहीं. ता. २८ रोजीं शिवाजी पार्कवर श्री. ठाकरे यांचा शपथविधि झाला, आणि ३० तारखेस १६९ मतांनीं त्यांचें बहुमत सिद्ध झालें.

सर्वांत अवघड शब्द ‘व्हिप’. इंग्रजी कोशांत पाहिलें तर ‘चाबूक’ असा अर्थ मिळतो, आणि जिज्ञासु वाचक अधिकच गोंधळांत पडतो. विलायतेंत शिकारीच्या वेळीं कुत्र्यांच्या टोळींतून फुटून जाणाऱ्या कुत्र्यांस चाबकाच्या धाकानें एकत्र राखणारा एक नोकर असे. त्याच्यावरून पार्लमेंटांत हा शब्द आला. आपल्या विधिमंडळांत हें काम करणाऱ्यास ‘प्रतोद’ म्हणतात, आणि संस्कृतांत प्रतोद म्हणजेही पराणी किंवा चाबूकच ! त्यानें काढलेल्या हुकुमास ‘पक्षादेश’ म्हणतात. तो मोडणाऱ्या सभासदाचें पद जाऊं शकतें, असें संविधानाच्या दहाव्या अनुसूचींत आहे. ही अनुसूची १९८५ सालीं ५२ व्या घटनादुरुस्तीनें आली. आरंभीं एक तृतीयांश सभासद फुटले तर त्यांस संरक्षण होतें. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनें तें काढून टाकलें. आतां दोन तृतीयांश सभासदांनीं दुसऱ्या पक्षांत विलीन होण्यास संमति दिली तरच बचाव आहे. ५४ चे दोन तृतीयांश ३६. त्या शनिवारीं ‘छत्तीस’ हा आंकडा कां ऐकूं येत होता, तें यावरून कळेल. पण खरी मेख निराळीच होती. पक्षादेश कोणाचा मानावयाचा ? शनिवारीं सकाळीं श्री. अजित पवार हेच आपल्या पक्षाचे गटनेते होते. सायंकाळीं पक्षानें त्यांस त्या पदावरून दूर केलें. मग सकाळचा गटनेता खरा कीं सायंकाळचा ? असा प्रश्न घेऊन मनुष्य बसतो तेव्हां त्यास बातमी नको असते, अर्थ हवा असतो. बातमी त्याजपाशीं गरजेहून अधिकच असते.

अर्थ न कळणें ही किरकोळ गोष्ट नव्हे. सुप्यास तर हें निराळें सांगावयास नको. १२ मे १८७५ रोजीं याच गांवीं आसपासचे शेतकरी जमले व सावकारांच्या घरांवर चालून गेले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासांत प्रसिद्ध असलेल्या प्रकरणाचा आरंभ तो हा. पुढें तें लोण नगर जिल्ह्यांत पोंचलें. त्या जमावास मुख्यतः काय हवें होतें ? खातेवह्या आणि कर्जरोखे. ते हिसकावून घेऊन जाळण्यांत आले. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यांतील एक अक्षर आपणांस वाचतां येत नाहीं, त्या कागदाची किती धास्ती असते, हें त्या होळीवरून समजतें. चौकशीसाठीं नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८ सालीं ब्रिटिश पार्लमेंटपुढें गेला, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साह्यार्थ कायदा झाला. त्यांत अशी तजवीज होती कीं, कर्जाचें खत गांवच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिलें जावें. मजकूर काय आहे हें अंगठा उठविण्यापूर्वीं ऋणकोस कळावें, हा त्यांतील एक हेतु. आज रोखा नाहीं, पण दहावी अनुसूची आहे. आणि आपण दिलेल्या मताचें पुढें काय होतें तें तींत लिहिलेलें आहे.

आतां मोजमापाकडे वळूं. गूगलनें २००६ सालापासून ‘ट्रेंड्स’ नांवाची सोय लोकांस दिली आहे. तींत कोणताही शब्द घालावा. तो किती शोधला गेला याची चढउताराची रेघ दिसते. ही रेघ वाचतांना पुष्कळांची फसगत होते. तींतील १०० हा आंकडा म्हणजे शंभर माणसें नव्हेत, शंभर लाखही नव्हेत. निवडलेल्या मुदतींत त्या शब्दाचा एकंदर शोधांतील वांटा ज्या क्षणीं सर्वांत मोठा होता, त्या क्षणास १०० मानितात व बाकीचे त्याच्या प्रमाणांत मोजितात. शून्य म्हणजे कोणीच शोधलें नाहीं असें नव्हे. मोजण्याजोगें पुरेसें शोधलें गेलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. त्यांतून आपल्याकडे आणखी एक घोटाळा आहे. कोणी देवनागरींत ‘बहुमत चाचणी’ लिहितो, कोणी तेच मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितो, कोणी इंग्रजी शब्दच टाकतो. प्रश्न एकच, परंतु नुसता शब्द घालून पाहणाऱ्यास तीन निराळ्या रेघा दिसतात. ‘मराठी लोक अमुक शोधीत नाहींत’ असें कोणी म्हटलें तर त्यानें कोणत्या लिपींत पाहिलें, हें आधीं विचारावें.

या रेघांवरून मोठमोठे लोक चुकले आहेत. इंग्लंडांत २३ जून २०१६ रोजीं युरोपीय संघांतून बाहेर पडण्याविषयीं मतदान झालें. दुसऱ्या दिवशीं गूगलनें सांगितलें कीं, त्या संघाविषयीं तेथें सर्वांत अधिक विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत ‘युरोपीय संघ म्हणजे काय ?’ हा दुसरा आहे. मग काय विचारतां ! आधीं मत दिलें आणि मग अर्थ शोधला, अशी जगभर टवाळी झाली. पण तो प्रश्न करणारे एकंदरींत किती थोडे होते, हें कांहीं अभ्यासकांनीं लागलीच दाखवून दिलें. शिवाय विचारणाऱ्यांनीं मत दिलें होतें कीं नाहीं, किंवा तीं शाळेंतील मुलें होतीं, हें त्या रेघेवरून कळण्यास मार्ग नाहीं. अर्थ विचारणाऱ्यास हंसणें आम्हांस मुळींच रुचत नाहीं. वर्गांत हात वर करणारा मुलगा गप्प बसणाऱ्यापेक्षां अधिक अज्ञानी असतो, असें कोणता शिक्षक म्हणेल ?

दुसरें उदाहरण याहून बोधप्रद आहे. लोक तापाविषयीं किती शोधतात यावरून फ्ल्यूची सांथ किती पसरली हें ओळखण्याचा उपक्रम गूगलनें २००८ सालीं अमेरिकेंत सुरू केला. आरंभीं त्याची फार वाखाणणी झाली. परंतु २०१२-१३ च्या हिंवाळ्यांत त्याचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट निघाला, आणि २०१५ सालीं तो बंद करण्यांत आला. चुकीचीं कारणें अनेक सांगतात. त्यांपैकीं एक असें कीं, त्या हिंवाळ्यांत वर्तमानपत्रांत सांथीची चर्चा फार झाली आणि धडधाकट माणसेंही शोधूं लागलीं. शोधांची रेघ तापाबरोबर चढते तशी बातमीबरोबरही चढते.

भीतीच्या आठवड्यांत शोधाचें स्वरूप बदलतें. ९ मार्च २०२० रोजीं पुण्यांत महाराष्ट्रांतील पहिले कोरोना रुग्ण सांपडले. ११ तारखेस जागतिक आरोग्य संघटनेनें महामारी जाहीर केली. त्या दिवशीं अमेरिकेंतील मेरियम-वेब्स्टर कोशांत ‘महामारी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द पाहणाऱ्यांची झुंबड उडाली, आणि कोशकारांनीं तोच त्या वर्षाचा शब्द ठरविला. आपल्याकडे संचारबंदी व जमावबंदी यांतील भेद काय, विलगीकरण किती दिवसांचें, दूध-किराणा मिळेल काय, हे प्रश्न होते. येथें कोशांतील अर्थानें भागत नाहीं. उद्यां घराबाहेर पडावें कीं नाहीं, हें त्यावर ठरावयाचें असतें.

मात्र जें शोधलें जात नाहीं, त्याची रेघच निघत नाहीं, आणि आम्हांस अधिक भय त्याचें वाटतें. २०१८ च्या उन्हाळ्यांत मुलें पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे संदेश व्हॉट्सॲपवरून हातोहात पसरत होते. १ जुलै रोजीं धुळे जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें जमावानें पांच निरपराध माणसांस ठार मारलें. तीं सोलापूर जिल्ह्यांतून आलेलीं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचीं भिक्षेकरी माणसें होतीं. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येऊं नये, अशी मर्यादा घातली. ओळखीच्या माणसाकडून आलेला संदेश मनुष्य पडताळून पाहत नाहीं. जी गोष्ट आपणांस ठाऊकच आहे असें वाटतें, ती तो शोधील कशाला ?

शोधणाऱ्यानें कोठें शोधावें, याविषयीं थोडें सांगतों. सर्वांत वर दिसणारें उत्तर तेंच खरें, असा नियम नाहीं. वर जाहिरात असूं शकते, आणि हल्लीं तर पुष्कळदां यंत्रानेंच जुळविलेला सारांश असतो. राजकारणांतील शब्द अडला तर भारताचें संविधान मराठींत उपलब्ध आहे, तें उघडावें. विषय समजून घ्यावयाचा तर वाईच्या मराठी विश्वकोशाचे वीसही खंड इंटरनेटवर फुकट वाचावयास मिळतात. मोल्सवर्थसाहेबांचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोशही तेथें आहे. त्यांत ‘व्हिप’ सांपडणार नाहीं, पण ‘फितूर’ अवश्य पाहावा.

आमच्या ग्रंथालयांत आम्हीं एक वही टांगून ठेविली आहे. आठवड्यांत अडलेला शब्द तींत लिहावा, आणि ज्यास अर्थ सांपडेल त्यानें तो कोठें सांपडला हें नमूद करून खालीं लिहावा. जून २०२२ मध्यें राज्यांतील सरकार पुन्हां डळमळलें, आणि २०१९ चेच शब्द त्या वहींत पुन्हां आले. फक्त हस्ताक्षरें नवीं होतीं. नववींतील एका मुलीनें विचारलें होतें, “पक्षादेश मोडून दिलेलें मत मोजतात कीं रद्द करितात ?” दोन दिवस कोणासच उत्तर देतां आलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं तिनेंच दहावी अनुसूची वाचून, आणि आमच्यापाशीं एक-दोन शंका विचारून, खालीं लिहिलें : मत मोजतात, पद जाईल कीं नाहीं तें अध्यक्ष मागाहून ठरवितात, आणि पक्षानें १५ दिवसांच्या आंत क्षमा केली, तर तेंही जात नाहीं.