तीन पायऱ्यांत नऊ दशांश

क्ष³ − २क्ष − ५ = ०. न्यूटनने १६६९ मध्ये लिहिलेल्या एका लॅटिन निबंधात हे समीकरण उदाहरणादाखल घेतले. निबंध छापून आला १७११ मध्ये. घनसमीकरण सोडवण्याचे सूत्र त्याच्या कितीतरी आधी, १५४५ मध्ये, इटलीच्या कार्दानोने प्रसिद्ध केले होते. पण ते सूत्र इथे वापरून पाहा. आधी ६४३ भागिले १०८ याचे वर्गमूळ काढायचे, ते २.५ मध्ये एकदा मिळवायचे, एकदा २.५ मधून वजा करायचे, आणि दोन्हींच्या घनमुळांची बेरीज करायची. उत्तर अचूक आहे, शंकाच नाही. पण ते आकड्यांत हवे असेल, तर ही सगळी मुळे शेवटी आसन्न किमतींनीच मांडावी लागतात.

न्यूटनने दुसरी वाट धरली. क्ष = २ घेतला तर डावी बाजू −१ येते, ३ घेतला तर १६. आलेख कुठेही तुटत नाही, म्हणजे तो २ आणि ३ यांच्यामध्ये शून्यातून जाणारच. उत्तर २ + प आहे असे मानले, की समीकरण होते प³ + ६प² + १०प − १ = ०. प लहान, त्याचा वर्ग आणि घन आणखी लहान. ते सोडून दिले की १०प = १ उरते, म्हणून प = ०.१. आता २.१ पासून पुन्हा तेच.

कलनशास्त्राच्या भाषेत हेच फार सुटसुटीत होते. हाती असलेल्या बिंदूपाशी वक्राला स्पर्शिका काढायची. ती क्ष-अक्षाला जिथे छेदेल, ती पुढची किंमत. स्पर्शिकेचा चढ म्हणजे विकलज, इथे ३क्ष² − २. क्ष = २ असताना तो १० येतो, आणि न्यूटनच्या समीकरणातला १० तो हाच! न्यूटनने मात्र इथे विकलज वापरलाच नव्हता. जोसेफ रॅफसनने १६९० मध्ये आकडेमोड सोपी केली, तीही बीजगणितानेच. कलनशास्त्राशी सांधा जुळवून रीत सर्वसाधारण केली ती थॉमस सिम्पसनने, १७४० मध्ये. पुस्तकांत नाव राहिले न्यूटन-रॅफसनचे. सिम्पसनवर हा अन्यायच आहे.

आता वेग पाहा. २ नंतर २.१, मग २.०९४५६८, मग २.०९४५५१४८२. तिसऱ्याच पायरीला नऊ दशांश स्थळे बरोबर! मुळाजवळ पोहोचल्यावर प्रत्येक पायरीला बरोबर अंकांची संख्या साधारण दुप्पट होते, कारण नवी चूक जुन्या चुकीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २ आणि ३ मधले अंतर दर वेळी निम्मे करत गेलो, तर एवढ्याच अचूकतेसाठी सुमारे ३० पायऱ्या लागतील.

पाचव्या घातापासून तर सूत्राचा आधारही सुटतो. नॉर्वेच्या नील्स आबेलने १८२४ मध्ये सिद्ध केले, की पंचघाती समीकरणांसाठी बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळे एवढ्यांवर चालणारे सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही. क्ष⁵ − क्ष − १ = ० इतके साधे दिसणारे समीकरणही त्या चौकटीत सुटत नाही. स्पर्शिकेची रीत मात्र त्याचे वास्तव मूळ सहज देते: १.१६७३.

रीत आंधळेपणाने वापरू नये, हेही तितकेच खरे. क्ष³ − २क्ष + २ = ० घ्या आणि ० पासून सुरुवात करा. पुढची किंमत १ येते, त्यापुढची पुन्हा ०, मग १, मग ०. हे असेच चालू राहते, मूळ कधीच सापडत नाही. −२ पासून निघालात, तर मात्र दोन पायऱ्यांत −१.७७ च्या आसपास पोहोचता. विकलज शून्य झाला तर स्पर्शिका आडवी होते आणि पुढची किंमतच मिळत नाही. म्हणून आधी आलेख काढावा, चिन्ह कुठे बदलते ते शोधावे, आणि मगच सुरुवातीची किंमत निवडावी.

आपल्याकडे सूत्राने आलेले उत्तर खरे आणि आसन्न उत्तर दुय्यम, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात घट्ट बसतो. चूक किती उरली हे सांगता येते आणि ती हवी तितकी कमी करता येते, अशा उत्तराला दुय्यम म्हणण्याचे कारण नाही. शिक्षकांना विनंती आहे: विकलज शिकवताना हे घनसमीकरण फळ्यावर घ्या, आणि तिन्ही पायऱ्या मुलांनाच करू द्या.