देवळातले कासव आणि टबातले कासव

भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात, ते उगीच नव्हे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारांच्या नावाने ओळखले जाऊ लागलेले येथील तलाव पिढ्यान्‌पिढ्या धानाच्या बांध्यांना पाणी पुरवीत आले. 1951 मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, कित्येक गाळाने भरले. या सर्व उलथापालथीत तलावाचा एक जुना रहिवासी मात्र आपले काम निमूटपणे करीत राहिला. मऊ पाठीचे, मागचे पाय आत ओढून घेऊन पोटाखालच्या झडपांनी ते झाकून टाकणारे हे कासव उन्हाळ्यात पाणी आटले की चिखलात रुतून बसते आणि पहिल्या पावसाबरोबर बाहेर येते. गोगलगायी, बेडूक, मेलेले मासे हे त्याचे अन्न. तलावाचा हा बिनपगारी सफाईदार आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या प्राण्याला आता बाजारात भाव आला आहे, आणि चिंतेचे कारण तेच आहे. देवळाच्या सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून गाभाऱ्याकडे वळणारा आपला समाज जिवंत कासवाकडे दोन कारणांसाठी वळू लागला आहे: एक धनाचा लोभ आणि दुसरे दुर्मीळ वस्तू आपल्या दिवाणखान्यात असावी ही हौस.

लोभाची कथा विदर्भास नवी नाही. ‘वीस नखी’ कासव मिळाले की पैशांचा पाऊस पाडून देतो, असे सांगणाऱ्या टोळ्यांची प्रकरणे अधूनमधून पोलिसांत जात असतात. या गिऱ्हाइकांपैकी एकानेही कासव उलटे करून नखे मोजली नसावीत. मऊ पाठीच्या कासवांना प्रत्येक पायास तीनच, म्हणजे एकूण बारा नखे असतात. चांदणीसारखी नक्षी असलेल्या तारका कासवास पुढच्या पायांना पाच-पाच नि मागच्यांना चार-चार, म्हणजे अठरा. वीस नखे आणावयाची कोठून? म्हणजे जे बहुधा निसर्गातच नाही, त्याच्या शोधात जे सापडेल ते पोत्यात घालावयाचे, असा हा उद्योग आहे. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अशा फसवणुकीसाठीच आहे. पण तो फसलेल्या माणसाची दाद घेतो, पोत्यात गुदमरलेल्या कासवाची नव्हे.

हौशी ग्राहक लोभी नसतो. तो सुशिक्षित असतो, मुलांना प्राण्यांविषयी प्रेम वाटावे अशी त्याची प्रामाणिक इच्छा असते. तथापि त्याच्या हौसेचा हिशेब अधिक महागात पडतो. कासव वयात यावयास वर्षे लागतात, आणि घातलेल्या अंड्यांतून व पिलांतून फार थोडी जगतात. म्हणून पाण्यातून उचललेले एक प्रौढ कासव ही केवळ एकाची वजाबाकी नसते. त्याच्यामागे येणारी वर्षानुवर्षांची वीण त्याबरोबर जाते. दक्षिण भारतातील नद्यांचे रहिवासी असलेले लीथचे मऊ पाठीचे कासव तीस वर्षांत नव्वद टक्क्यांनी घटले, असे भारत सरकारनेच 2022 मध्ये पनामा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेच्या वेळी सांगितले. त्याचा घात मुख्यतः मांसाच्या व्यापाराने केला. पण उरलेल्या मूठभरांना ‘दुर्मीळ’ म्हणून मोल चढू लागले, तर ते उरावयाचे किती दिवस? तारका कासवावरील आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी 2019 ची. तिचे मुख्य कारण पाळीव प्राण्यांचा बाजार हेच होते.

आपला कायदा याबाबत दुबळा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची सुधारित आवृत्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तिच्या पहिल्या अनुसूचीत तलावातले हे झडपांचे कासव आहे आणि तारका कासवही आहे. ते पकडणे, विकणे, बाळगणे यासाठी तीन ते सात वर्षे कैद नि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. परंतु ही तरतूद किती पालकांना ठाऊक आहे?

ज्यांना ठाऊक आहे ते वेगळी वाट काढतात. कानशिलावर लाल पट्टा असलेले अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यातले कासव आपल्याकडे माशांच्या दुकानांत उघड मिळत आले आहे. बालपणी ते नाण्यापेक्षा थोडेसेच मोठे असते. त्याच्या संगतीने मुलांना साल्मोनेलाची बाधा होते असे दिसल्यावर खुद्द अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद केली. युरोपने 1997 मध्ये त्याची आयात थांबविली. आपल्याकडे ते प्लास्टिकच्या टबात येते, उन्हावाचून त्याचे कवच मऊ पडते, आणि त्यातूनही तगले तर ते वीतभर होऊन टबात मावेनासे होते. मग दया उपजते, आणि घरातील मंडळी एका रविवारी त्याला तलावात सोडून येतात. पुण्य पदरी पडल्याच्या समाधानात, ऊन खावयाची जागा, अन्न नि रोग या तिन्ही बाबतींत देशी कासवांना एक दांडगा प्रतिस्पर्धी आपण आणून दिला, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

धाडी घालून हे सर्व थांबेल असे वाटत नाही. ढिवर बांधवांच्या मच्छीमार संस्थांना तलाव ठेक्याने देताना जाळ्यात आलेले कासव तेथेच सोडण्याची अट घालावी, आणि ती पाळणाऱ्या संस्थेस ठेक्याच्या रकमेत काही सूट द्यावी. ज्याच्या जाळ्यात कासव प्रथम येते त्याला ते सोडणे परवडले पाहिजे. वन विभागाने घरोघरची देशी कासवे खटल्याची धास्ती न दाखविता ठरावीक मुदतीत जमा करून घ्यावीत, पशुवैद्याकडून तपासावीत, आणि ज्या तलावातली असतील त्याच तलावात पावसाळ्याच्या तोंडी सोडावीत. लाल पट्ट्याचे कासव मात्र तलावात जाता कामा नये. ते ज्याने विकत घेतले त्यानेच पोसावे. नीट सांभाळले तर ते तीस वर्षेही जगते, आणि दहा वर्षांच्या मुलासाठी ते घेणाऱ्या बापाने दुकानदाराला पैसे देण्यापूर्वी तो मुलगा तेव्हा चाळिशीचा असेल एवढा हिशेब करावा.