हवेवर उभी असलेली गाडी : जॅक लावण्यापूर्वी

टायर-पंक्चरचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांकडे पूर्वी मारुती, जीप नाहीतर टेम्पो येत असे. आता सेकंड हँड घेतलेली ऑडी, मर्सिडीझ किंवा रेंज रोव्हरही हमरस्त्यावरच्या साध्या दुकानापुढे येऊन थांबते. गिऱ्हाइकाला घाई असते. शागिर्द सवयीने जॅक सरकवतो आणि नुकसानीला तेथूनच सुरुवात होते. कारण या गाड्यांपैकी अनेक गाड्या लोखंडी स्प्रिंगवर उभ्या नसून हवेवर उभ्या असतात.

रेंज रोव्हरमध्ये ही पद्धत 1992 साली आली, मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये 1998 साली. स्प्रिंगच्या जागी रबराचा फुगा, त्यात हवा भरणारा कॉम्प्रेसर, हवा सोडणारे व्हॉल्व्ह आणि गाडीची उंची मोजणारे सेन्सर अशी ही रचना आहे. या सर्वांवर एका छोट्या कॉम्प्युटरची नजर असते. माणसे बसली, सामान भरले, की तो हवा कमी-जास्त करून गाडी समतल ठेवतो.

घोटाळा येथेच आहे. जॅकने गाडी उचलली की चाक खाली लोंबते. कॉम्प्युटरला वाटते, गाडी फार उंच झाली. तो फुग्यातील हवा सोडू लागतो. चाक बदलून जॅक उतरवला, की गाडी नेहमीपेक्षा खाली बसते आणि जॅक खालीच अडकतो. हवा नसलेल्या फुग्याची घडी वेडीवाकडी पडून रबर फाटण्याचीही भीती असते. कधी दुसऱ्याच कोपऱ्याची हवा बदलते, गाडी कलते आणि जॅक सरकतो. इंजिन बंद केले म्हणजे धोका टळला, असेही समजू नये. चावी काढल्यावरही काही गाड्यांचा कॉम्प्युटर बराच वेळ जागा असतो. जुन्या काही रेंज रोव्हर तर उभ्या असतानाही काही तासांनी आपोआप उंची सारखी करीत.

म्हणून पहिला प्रश्न गिऱ्हाइकाला विचारावा : गाडी एअर सस्पेन्शनची आहे काय? उंची कमी-जास्त करण्याचे बटण असेल, तर उत्तर बहुधा होकारार्थीच असते. नंतर गाडीची पुस्तिका काढण्यास सांगावे. ऑडी क्यू 7 सारख्या गाड्यांत पडद्यावरील मेनूमध्ये ‘जॅक मोड’ असतो. तो सुरू केला की उंची बदलण्याचे काम थांबते. ज्या गाडीत असा मोड नसेल, तेथे पुस्तिकेत दिलेली रीत पाळावी. साधारणपणे गाडी नेहमीच्या उंचीवर आणून इग्निशन बंद करावे लागते.

यापुढील क्रम असा ठेवावा :

1. गाडी सपाट व टणक जागी घ्यावी. सर्व माणसे उतरवावीत, सामानही शक्य तितके काढावे.

2. हँडब्रेक ओढावा, ऑटोमॅटिक गाडी ‘पी’मध्ये टाकावी. समोरच्या कर्णातील चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावावेत.

3. जॅक मोड सुरू करून इग्निशन बंद करावे आणि चावी स्वतःकडे ठेवावी. काम चालू असता कोणी दार उघडून आत बसता कामा नये.

4. चाक जमिनीवर असतानाच नट-बोल्ट थोडे सैल करावेत.

5. जॅक कंपनीने ठरवून दिलेल्या जागीच लावावा. सस्पेन्शनच्या आर्मला किंवा फुग्याजवळ लावू नये. या गाड्यांपैकी मोठ्या गाड्यांचे वजन दोन टनांच्या वर असते. जॅक तसाच दणकट हवा, आणि त्याच्या जोडीला खाली स्टँड हवाच.

6. नवे चाक बसवल्यावर बोल्ट समोरासमोरचे आवळावेत. गाडी उतरवल्यावर टॉर्क पान्याने पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे पक्के करावेत.

7. शेवटी जॅक मोड आठवणीने बंद करावा. इंजिन सुरू करून गाडी आपल्या उंचीवर आली काय, डॅशबोर्डवर इशारा तर नाही ना, हे पाहूनच गिऱ्हाइकाला सोडावे.

गाडी आधीच एका बाजूला बसलेली आली, तर विशेष जपावे. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये हात घालू नये. फुग्याने दगा दिला तर बोटे सुटणार नाहीत. इंजिन सुरू करून गाडी वर येते काय ते पाहावे. येत नसेल, तर जबरदस्ती न करता सपाट ट्रकवर चढवून जाणत्या वर्कशॉपकडे पाठवावी.

एका चाकाची मजुरी ती किती! फुगा फाटला तर कित्येक दिवसांची कमाई भरपाईत जाते आणि दुकानाचे नाव वेगळेच खराब होते. पुस्तिका उघडण्यास पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे गिऱ्हाइकाला थांबवण्यात कमीपणा मानू नये. आणि शागिर्दाला पाना हातात देण्यापूर्वी ही गोष्ट प्रथम शिकवावी.