बॅटरीची गाडी अर्ध्या वाटेत का थकते?

गोल्फच्या विस्तीर्ण मैदानावर खेळाडूंची व त्यांच्या साधनांची ने-आण करण्यासाठी जी लहानशी विजेची गाडी प्रचारात आली, ती भारतात निराळ्याच कामी येऊ लागली आहे. रेल्वे स्थानकांचे लांबलचक फलाट, मोठ्या रुग्णालयांची आवारे आणि गजबजलेली तीर्थक्षेत्रे अशा ठिकाणी ती वृद्धांना व अपंगांना वाहून नेते. लोक तिला सरळ ‘बॅटरीची गाडी’ असे म्हणतात. या गाडीचे सारे बळ आसनाखाली ठेवलेल्या जड बॅटऱ्यांत असते. ते ओसरले की गाडी भर उन्हात थांबते आणि ज्यांना चालवत नाही अशाच माणसांना खाली उतरावे लागते.

तामिळनाडूतील कुंभकोणम् हे गाव उदाहरणादाखल घेऊ. कावेरी व अरसलार या नद्यांच्या मधोमध वसलेला हा प्रदेश तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यामुळे मराठी वाचकाला अगदीच परका नाही. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली येथेच झाला. गावात मंदिरांची दाटी आहे. दर बारा वर्षांनी येथे महामहम् नावाचा स्नानोत्सव भरतो. तो २०१६ साली झाला व त्यानंतरचा २०२८ साली यावयाचा आहे. उन्हाळ्यात येथील पारा अनेकदा पस्तीस अंशांच्या वर जातो. उष्णता आणि यात्रेच्या दिवसांतील अविश्रांत राबणूक या दोन्ही गोष्टी बॅटरीच्या वैरी होत.

अशा गावी एक गाडी आहे असे समजू. नवी असताना ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत धावत असे, परंतु आता दुपारीच मंदावते. चालक म्हणतो, “बॅटऱ्या गेल्या, सगळा संच बदला.” हा निष्कर्ष कधी खरा असतो, पण पुष्कळदा तो घाईचा ठरतो. खर्च मोठा असल्याने आधी दोषाचा शोध घेणे शहाणपणाचे होय.

त्यासाठी बॅटरीची अंतर्रचना ध्यानी घेतली पाहिजे. शिसे व आम्ल यांची बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली, आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. शिशाच्या व शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडवलेल्या असतात. बॅटरी वीज देते तेव्हा आम्लातील सल्फेट पट्ट्यांवर बसते व द्राव पातळ होतो. वीज भरली की सल्फेट पट्ट्यांवरून सुटते व द्राव पुन्हा दाट होतो. अशा एका घटाचा विद्युत् दाब सुमारे दोन व्होल्ट असतो. अठ्ठेचाळीस व्होल्टच्या गाडीत असे चोवीस घट एकापुढे एक, म्हणजे एकसर जोडणीने, जोडलेले असतात.

या एकसर जोडणीतच आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. चोवीसही घटांतून तोच प्रवाह वाहतो. एक घट दुबळा असेल, तर तो लवकर रिता होतो. उरलेले तेवीस त्याच्यातून प्रवाह रेटत राहतात व त्याचा आणखीच नाश करतात. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेच असते. म्हणून ‘बॅटऱ्या गेल्या’ असे म्हणण्याऐवजी ‘कोणता घट गेला?’ असे विचारावयास हवे.

शोधाचा प्रारंभ मात्र बॅटरीच्या बाहेर करावा. चाकांत हवा कमी असेल किंवा ब्रेक घासत असेल, तर निर्दोष बॅटरीही लवकर संपते. गाडी सपाट जागी हाताने ढकलून पाहिली म्हणजे याचा अंदाज येतो. त्यानंतर बॅटऱ्यांना जोडणाऱ्या तारांची टोके पाहावीत. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते ती गंजाची. गंजलेल्या सांध्याचा रोध एका ओहमचा शंभरावा भाग असला आणि चढावर शंभर अँपियर प्रवाह वाहिला, तर त्या एकाच सांध्यात एक व्होल्ट वाया जातो व शंभर वॅटची उष्णता निर्माण होते. गाडी चालवून आणल्यावर जो सांधा इतरांहून अधिक तापलेला असेल तो सदोष समजावा. गाडीचा मुख्य खटका बंद करून अशी टोके खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावीत, घासावीत, कोरडी करावीत व घट्ट आवळावीत. हे पाणी घटात मात्र जाऊ देऊ नये.

आता बॅटरीकडे वळू. ती पूर्ण भरून काही तास स्वस्थ ठेवावी आणि मग व्होल्टमापीने मोजावी, कारण भरल्याबरोबर घेतलेले माप फसवे असते. चांगला संच या वेळी सुमारे एक्कावन्न व्होल्ट दाखवतो. माप अठ्ठेचाळीसच्या आसपासच राहिले, तर बॅटरी निम्मीही भरलेली नाही. ती भरणारे यंत्र व त्याची जोडणी तपासल्याविना बॅटरीला दोष देऊ नये.

विश्रांतीच्या वेळी सगळ्या बॅटऱ्या सारख्याच धडधाकट वाटू शकतात. खरी परीक्षा ओझ्याखाली होते. प्रवासी बसवून गाडी चढावर नेताना प्रत्येक बॅटरीचा दाब निरनिराळा मोजावा. आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्यांपैकी पाच पावणेआठवर टिकून राहिल्या आणि एक सातच्या खाली घसरली, तर दोष तिच्यातच आहे. तिची झाकणे उघडून हायड्रोमीटरने प्रत्येक घटातील द्रावाचे विशिष्ट गुरुत्व पाहावे. पूर्ण भरलेल्या घटात ते सामान्यतः १.२५ ते १.२८ च्या दरम्यान असते. निर्मात्याने दिलेला आकडा प्रमाण मानावा. घटाघटांत ०.०५ हून अधिक फरक आढळला, तर कमी मापाचा घट दुबळा होय. द्राव तापला की माप थोडे उतरते, म्हणून सत्तावीस अंशांवरील दर दहा अंशांमागे सुमारे ०.००७ मिळवावे. कुंभकोणम्‌सारख्या उष्ण गावी ही दुरुस्ती विसरल्यास चांगला घटही अशक्त वाटेल.

घट दुबळे का होतात? पहिले कारण पाण्याचे. बॅटरी भरताना पाण्याचे विघटन होते आणि उष्ण हवेत पातळी लवकर उतरते. उघडा पडलेला पट्टीचा भाग कायमचा निकामी होतो. यासाठी ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यातील क्षार घातक ठरतात. पाणी बॅटरी भरल्यानंतर घालावे, कारण भरताना द्राव फुगतो व आधीच काठोकाठ असल्यास उतू जातो. पट्ट्या उघड्या दिसत असतील, तर मात्र त्या बुडण्यापुरते पाणी आधी घालावे. आम्ल कधीही घालू नये. कमी होते ते पाणी.

दुसरे कारण रिती बॅटरी तशीच ठेवणे. पट्ट्यांवरील सल्फेट प्रथम मऊ असते. दिवस लोटले की त्याचे टणक स्फटिक बनतात व ते विजेला दाद देत नाहीत. यात्रेत गाडी घाईघाईने अर्धीमुर्धी भरून राबवावयाची आणि यात्रा संपली की कोपऱ्यात उभी करावयाची, ही रीत बॅटरीचे आयुष्य खाऊन टाकते. रोज काम संपताच ती पूर्ण भरावी, शक्यतो निम्म्याहून अधिक रिती करू नये, आणि गाडी उभी असली तरी महिन्यातून एकदा भरावी. घटांत थोडाच फरक असल्यास निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे दिलेल्या दीर्घ समकारी भरणाने तो पुष्कळदा मिटतो.

हे सारे करताना सावधगिरी हवी. भरणाच्या वेळी हायड्रोजन वायू सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण शेकडा चार झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. जागा मोकळ्या हवेची असावी; मंदिराच्या आवारात तर निरांजन व उदबत्ती दूर ठेवण्याचे भान हवे. अंगठी व घड्याळ काढून ठेवावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. आम्ल डोळ्यांत उडाल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे व डॉक्टरांकडे जावे.

एवढे करूनही एखादी बॅटरी सुधारली नाही, तर ती बदलणे प्राप्त आहे. इतर बॅटऱ्या फार जुन्या नसतील तर एकच बदलून भागते. सर्वच जीर्ण झाल्या असतील तर नवी बॅटरी त्यांच्या संगतीने लवकर खचते, आणि तेव्हा पूर्ण संच बदलणेच हिताचे. जुनी बॅटरी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला मात्र देऊ नये. शिसे विषारी आहे. उघड्यावर वितळवलेल्या शिशाची धूळ लहान मुलांच्या शरीरात जाऊन मेंदूच्या वाढीस अपाय करते. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून ती विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्रातच द्यावी. जी बॅटरी पाणी घालून व वेळेवर भरून दोन वर्षे अधिक टिकते, ती पैसा तर वाचवतेच. शिवाय तेवढा काळ तिचे विषही कोणाच्या अंगणात जात नाही.