एक पंप, चाळीस रूपे
लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण एकाच मॉडेलचे बिल ऑफ मटेरियल, म्हणजे त्यात लागणाऱ्या भागांची यादी, पाहिले. शॉप फ्लोअरवर त्याला नुसते ‘बॉम’ म्हणतात. पण एकच मॉडेल विकणारे कारखाने थोडे.

एक सेंट्रिफ्यूगल पंप घेऊ. केसिंग बिडाचे किंवा स्टेनलेस स्टीलचे. इम्पेलर बिडाचा, ब्राँझचा किंवा स्टेनलेसचा. शाफ्टपाशी गळती रोखायला ग्लँड पॅकिंग किंवा मेकॅनिकल सील. मोटर पाच ताकदींच्या, बेसप्लेट दोन मापांच्या. गुणाकार १२० वर जातो. जुना बॉम कॉपी करून दोन ओळी बदलणे सोपे असते, म्हणून अनेक ठिकाणी खरोखरच तितके बॉम तयार होतात. पुढे सगळ्या पंपांचे बेअरिंग बदलायचे ठरले की १२० याद्या उघडाव्या लागतात. एक जरी राहिली तरी स्टोअर जुनेच बेअरिंग काढून देते आणि चूक उमगते ती फिटरच्या हातात.

यावरचा उपाय म्हणजे दीडशे टक्के बॉम. एसएपी या सॉफ्टवेअरमध्ये त्यालाच सुपर बॉम म्हणतात. सगळे पर्याय एकाच यादीत येतात, त्यामुळे ती कोणत्याही प्रत्यक्ष पंपापेक्षा मोठी असते. सामाईक भाग एकदाच लिहायचे, पर्यायांच्या १४ ओळी ठेवायच्या आणि ओळ कधी लागू होते ती अट तिच्यासमोर नोंदवायची. ऑर्डर आली की सॉफ्टवेअर अटी तपासून नको त्या ओळी गाळते.

माझ्या मते खरे कौशल्य इथून पुढे लागते. स्टेनलेस केसिंगला स्टेनलेसचाच इम्पेलर, हा नियम घातला की १२० चे ८० होतात. बेसप्लेट तर मोटरच्या मापावरून ठरते, ती ग्राहकाला विचारायचीच नाही. उरले ४०. विक्रीच्या फॉर्मवर कोणता प्रश्न ठेवायचा आणि कोणते उत्तर नियमाने काढायचे, हा निर्णय डिझाइन, विक्री आणि प्लॅनिंगने एकत्र बसून घ्यावा. तो एकट्या आयटी विभागावर सोडू नये.

नियमांचा व्याप केवढा वाढतो, हे अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने अनुभवले. त्यांचे व्हॅक्स संगणक ग्राहकागणिक वेगळे जुळवावे लागत आणि ऑर्डरमध्ये एखादी केबल किंवा कार्ड राहून जाई. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉन मॅकडरमॉट यांनी १९७८ मध्ये त्यासाठी ‘एक्सकॉन’ ही नियमांवर चालणारी प्रणाली बांधायला घेतली. ती ऑर्डर तपासून राहिलेले भाग सुचवी आणि कोणता भाग कॅबिनेटमध्ये कुठे बसेल तेही सांगे. कामगिरी मोठीच होती. पण नवे मॉडेल आले की नियम बदलावे लागत. त्यांची संख्या काही हजारांवर गेली आणि ते सांभाळणे हेच मोठे काम होऊन बसले. म्हणून प्रत्येक नियमाशेजारी त्याचे कारण आणि तो कोणाच्या जबाबदारीचा आहे, हे लिहिलेले हवे.

तारखेचेही भान हवे. नवे बेअरिंग कोणत्या दिवसापासून लागू, हे त्या ओळीवरच नोंदवतात. शिवाय ऑर्डर निघताना गाळून उरलेली यादी पंपाच्या सिरियल नंबरखाली गोठवून ठेवावी लागते. काही वर्षांनी तोच ग्राहक सील मागायला येतो, तेव्हा आजचे नियम चालवून उपयोग नसतो. त्याच्या पंपात त्या दिवशी काय बसवले होते, ते सापडायला हवे.

पुढील लेखांकात: डिझाइनचा बॉम आणि उत्पादनाचा बॉम वेगळे का ठेवतात?