१४ सी, नाक!

फेब्रुवारी २०२० पर्यंत तोंडावरचा मास्क हा आमच्याकडे ग्रूमिंगमधला गुन्हा होता. लिपस्टिकची छटा ठरलेली, अंबाड्याची जाळी ठरलेली, नेलपॉलिशचा टवका उडालेला दिसला तरी ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलणी बसायची. तिथे निळा मास्क लावून उभं राहायची कुणाची टाप! ‘पॅसेंजर घाबरतील’ हे एकच उत्तर वरून यायचं. मी ज्या कंपनीत केबिन क्रू होते तिचं नाव सांगत नाही, कारण ती काही जगावेगळी नव्हती. अमेरिकेतल्या काही मोठ्या विमान कंपन्यांचे कर्मचारीसुद्धा तेव्हा मास्कची परवानगी मागून थकले होते.

गंमत म्हणजे मास्क विमानातच होते. ‘युनिव्हर्सल प्रिकॉशन किट’ नावाची एक पेटी असते, प्रवाशांच्या ती कधी नजरेलाही पडत नाही. आत मास्क, हातमोजे, गाऊन, ओकारीवर टाकली की तिचा घट्ट गोळा करणारी पावडर आणि तो भरायची पिशवी. म्हणजे कुणी ओकलं तर मास्क लावायचा, तोच माणूस तोंडावर खोकत असताना त्याला चहा द्यायचा तर हसून द्यायचा. हा नियम कुणाच्या डोक्यातून निघाला, ते मला कधीच कळलं नाही.

जुन्या सीनियर मंडळींना विमानातली साथीची भीती नवीन नव्हती. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा आखाती देशांनी भारताची विमानं बंद केली होती. परदेशी विमानतळांवर आपल्या विमानांकडे लोक कसे बघायचे, याच्या गोष्टी आम्ही जम्पसीटवर बसून ऐकल्या होत्या. पण खरा धडा २००३ चा. १५ मार्चला हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या एअर चायनाच्या ११२ क्रमांकाच्या फ्लाइटमध्ये एक ७२ वर्षांचा आजारी गृहस्थ बसला होता. पुढे त्या एका फ्लाइटमधल्या २२ जणांना सार्स झाल्याचं नोंदवलं गेलं, त्यात दोघी केबिन क्रू. त्या गृहस्थाच्या पुढच्या तीन रांगांत २३ माणसं होती, त्यांपैकी आठ जण आजारी पडले.

विमानातली हवा फार स्वच्छ असते, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोटून शिकवतात. खोटं नाही ते. हेपा फिल्टर असतात, दर दोन-तीन मिनिटांनी केबिनची हवा बदलते, वरून येते आणि पायाशी खेचली जाते. पण आमचं काम असतं माणसाच्या तोंडाशी वाकून ‘व्हेज की नॉनव्हेज’ विचारायचं. इंजिनाच्या घरघरीत उत्तर ऐकू येत नाही म्हणून कान आणखी जवळ न्यायचा. त्या एका फुटात फिल्टर बिचारा काय करणार?

वुहानच्या विमानाने हे सगळं एका रात्रीत स्पष्ट केलं. ३१ जानेवारी २०२० ला एअर इंडियाचं ७४७ दिल्लीहून वुहानला गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे अडकलेल्या ३२४ जणांना घेऊन परतलं. त्या फ्लाइटला सर्व्हिस नव्हतीच. जेवण आधीच सीटच्या खिशात ठेवायचं, म्हणजे क्रू आणि प्रवासी समोरासमोर येणारच नाहीत. बातमी वाचून आमच्यातली एक जण म्हणाली, “बघा, ट्रॉली नसली तरी विमान उडतं.” ती हसत होती, पण ते सगळ्यांना लागलं. ट्रॉलीशिवाय क्रू कशासाठी असतो, हे प्रवाशांना कुणी सांगितलेलं नसतं. आग, धूर, ९० सेकंदांत विमान रिकामं करणं यासाठी असतो. चहा हा वरचा खर्च.

मार्चमध्ये मास्क आला, पण दुसरंच दुखणं घेऊन. गणवेशात सोसायटीत शिरलं की लोक लिफ्टमधून बाहेर यायचे. एअर इंडियाला तर निवेदन काढावं लागलं, की आमच्या लोकांना शेजारीपाजारी वाळीत टाकताहेत. माझ्या एका सहकारी मुलीच्या सोसायटीत चेअरमनकाकांनी निरोप पाठवला, की बॅग गेटवरच ठेवायची. चाकांची बॅग दिसली की लोकांना विमान दिसायचं आणि विमान दिसलं की कोरोना. शेवटी ती गणवेश भाजीच्या पिशवीत घालून न्यायला लागली.

मग २५ मार्चपासून दोन महिने सगळंच बंद. २५ मेला देशांतर्गत उड्डाणं सुरू झाली, मुंबईहून दिवसाला २५ विमानं जाणार आणि २५ येणार, एवढीच मुभा. त्या पहिल्या दिवसांत आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सूटमध्ये, वर मास्क, त्यावर शील्ड, दोन-दोन हातमोजे. कोण कोण आहे तेच कळेना. कुणीतरी मार्कर पेन आणलं आणि सगळ्यांनी छातीवर नावं लिहून घेतली. सूट एकदा काढला की पुन्हा तोच घालता येत नाही. त्यामुळे बाथरूमला जायचं म्हणजे नवा सूट. मग उपाय एकच, पाणी प्यायचंच नाही. विमानातली हवा मुळातच कोरडी, आतून घामाच्या धारा. लँडिंगनंतर सूटची चेन उघडली की गणवेश पिळून काढावा असा भिजलेला असायचा.

जूनमध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी उड्डाण महासंचालनालयाने, मधल्या सीटचा नियम काढला: शक्यतो रिकामी ठेवा, नाहीतर त्या प्रवाशाला गाऊन द्या. नागपूरच्या एका फ्लाइटला मधल्या सीटवर एक आजी होत्या. गाऊन हातात घेऊन बराच वेळ उलटापालटा करून झाल्यावर म्हणाल्या, “काय बाप्पा, ऑपरेशनले नेऊन रायले का मले?” गाऊनचे बंद पाठीमागे असतात. ते बांधायला पलीकडच्या सीटवरचे जावईबापू पुढे सरसावले. सासूबाईंची गाठ मारताना त्यांचा चेहरा शील्डमधूनसुद्धा बघण्यासारखा होता. उतरताना आजींनी विचारलं, “हे घरी नेऊ का? नव्वंच तं आहे.”

खाण्यावर बंदी होती. प्रकृतीची फारच निकड असेल तरच सूट. ही अट एका काकूंनी वाचली असावी. विमान वर स्थिर झालं आणि त्यांनी डबा उघडला. मी गेले तर शांतपणे म्हणाल्या, “मला शुगर आहे.” मेथीच्या पराठ्यांचा वास चार रांगा पुढे गेला आणि पाच मिनिटांत त्या चारही रांगांत सगळ्यांना शुगर झाली.

डेमोचा घोळ वेगळाच. ऑक्सिजन मास्क नाकातोंडावर ओढा, हे मास्क लावलेल्या माणसाने करून दाखवायचं. नाकावर दोन पडदे, त्यावर पिवळा कप. पुढे घोषणेत एक वाक्य वाढलं, ‘आधी तुमचा फेस मास्क काढा.’ हे सांगायला हवं का, असं आम्हालाही वाटलं होतं. पण घाबरलेला माणूस जे आधी शिकलाय तेच करतो. तेव्हा तर सगळ्यांना मास्क काढू नका एवढंच शिकवलेलं होतं.

नंतर नाकवाल्यांचा जमाना आला. मास्क आहे, पण नाक बाहेर. मार्च २०२१ मध्ये डीजीसीएने बजावलं, की न ऐकणाऱ्याला उड्डाणाआधीच उतरवा, ऐकलंच नाही तर बेशिस्त प्रवासी म्हणून कारवाई करा. कागदावर ठीक आहे, पण दोन तासांत एकाच माणसाला चार वेळा सांगायचं तर स्वर बिघडतो. म्हणून आमची इंटरफोनवर सांकेतिक भाषा झाली. मागून फोन यायचा, “१४ सी, नाक.” पुढची जाऊन सांगायची. प्रत्येक वेळी वेगळी मुलगी आली की माणसाला वाटतं, आपल्याकडे अख्ख्या विमानाचं लक्ष आहे. ही युक्ती कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही, पण सूचनांच्या शंभर घोषणांपेक्षा जास्त कामाची होती.

आणि हसू? त्याचा फार बाऊ झाला. मास्कमागे हसावं लागायचं नाही, याचा निम्म्या क्रूला मनातून आनंदच होता. पहाटे तीनला पिकअप असलेल्या मुलीला विचारा.

१६ नोव्हेंबर २०२२ ला विमानातली मास्कसक्ती उठली. आता मास्क ऐच्छिक आहे. तुम्ही खोकला घेऊन विमानात चढणार असाल तर कृपा करून स्वतःचा मास्क लावा, नसेल तर क्रूकडे मागा. आणि चहा देणाऱ्या मुलीच्या तोंडावर मास्क दिसला तर ‘तुला काही झालंय का?’ असं विचारू नका. तुमच्या विमानात १८० जण असतात आणि बऱ्याचदा ती तिची त्या दिवसातली तिसरी फ्लाइट असते.