मोतीबिंदू निघाला, काचबिंदू राहिला

मोतीबिंदू काढून झाला, नवं भिंग बसलं, तरी डॉक्टर उठले नाहीत. त्यांनी टेबलावरच्या मावशींचं डोकं एका बाजूला वळवलं, सूक्ष्मदर्शक तिरका केला आणि बुबुळावर छोटी गोनिओ लेन्स टेकवली. एरवी न दिसणारा डोळ्याचा कोपरा पडद्यावर आला. तिथं एक बारीक जाळी असते. डोळ्यात सतत तयार होणारं पाणी तिच्यातून बाहेर पडतं. ती तुंबली की डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टीची नस मरत जाते. हाच काचबिंदू.

काही ठिकाणी या जाळीत धातूची नळी बसवतात. बीडच्या खिशाला ती परवडणारी नाही. इथं हाताशी होता प्रोलीनचा साधा धागा, टोक चटका देऊन बोथट केलेला. डॉक्टरांनी जाळीला चीर दिली, मागच्या वाहिनीत धागा सरकवला. तो डोळ्याला वळसा घालून पुन्हा चिरेपाशी आला. दोन्ही टोकं ओढली, जाळी फाटली, थोडं रक्त उतरलं. ‘‘हे यायलाच पाहिजे, वाट मोकळी झाल्याची खूण आहे,’’ डॉक्टर म्हणाले. यासाठी वेगळा मोठा छेद लागला नाही.

पण अशा शस्त्रक्रियेचा गुण टिकतो किती? अंदाजासाठी धातूच्या नळीचे आकडे पाहू. तिच्यावरच्या ‘होरायझन’ चाचणीत 556 रुग्ण होते. पाच वर्षांनी मोतीबिंदूसोबत नळी बसवलेल्यांपैकी 66 टक्के, तर नुसता मोतीबिंदू काढलेल्यांपैकी 46 टक्के लोक दाब कमी करणाऱ्या थेंबांविना होते. म्हणजे नळीवाल्यांतही तिघांतल्या एकाला थेंब लागत होतेच. ‘सायपास’ नावाच्या दुसऱ्या नळीचे दोन वर्षांचे निकाल चांगले होते. पाचव्या वर्षी बुबुळाच्या आतल्या पेशी घटताना दिसल्या आणि ऑगस्ट 2018 मध्ये कंपनीनं ती बाजारातून मागं घेतली. दोन वर्षांच्या यशावर मी तरी आता विसंबत नाही.

आणि इथं पाच वर्षं तपासणीला येणार कोण? ऊसतोडीची उचल घेतलेला कोयता, म्हणजे मजूर जोडपं, दिवाळीनंतर मुकादमाच्या मागं निघतो, तो पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात. उसाच्या फडात दिवसातून दोनदा थेंब कोण टाकणार? बाटली उघडली की महिन्यानं बदलायची, तेही घडत नाही. म्हणून एक बाटली जरी कमी झाली, तरी या शस्त्रक्रियेचं मोल इथं शहरापेक्षा जास्त आहे.

घोटाळा निराळाच होतो. मोतीबिंदू निघताच लख्ख दिसतं. बाहेर बाकावर एक आबा सांगत होते, ‘‘आता झ्याक दिसायलंय, मग दाब कशाला मोजायचा?’’ त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. मोतीबिंदू या जिल्ह्याच्या ओळखीचा आहे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी प्रसिद्ध डॉ. तात्याराव लहाने मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात जाण्याआधी अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातच होते. काचबिंदू मात्र बहुतेकदा दुखत नाही, कडेची नजर गुपचूप खातो. गेलेली नजर कुठल्याच धाग्यानं परत येत नाही. नस फार खराब झाली असेल तर ही छोटी शस्त्रक्रिया पुरतही नाही. जुनी, मोठी ट्रॅबेक्युलेक्टमी करावी लागते.

तेव्हा शिबिरात मोतीबिंदूसाठी नाव घालाल, तेव्हा डोळ्याचा दाब मोजायला आणि नस पाहायला सांगा. घरात कुणाला काचबिंदू निघाला असेल तर सख्ख्या भावंडांनाही घेऊन जा. पट्टा पडून गावी आलात की पहिल्याच आठवड्यात दाब मोजून घ्या, दिसत असलं तरी.